लहान मुलांच्या औषधांचे डोस काढायची प्रॅक्टिस, रिकामे खोके हातात घेऊन

पिडियाट्रिक वॉर्डची पोस्टिंग लागली की दर बॅचला कुणीतरी हळूच येऊन सांगतंच, "मॅडम, माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे, डोस काढायचं म्हटलं की हातपाय गार पडतात." जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) मुलं असोत की बीएस्सी नर्सिंगची, हे सेमच. त्यांना मी आधी हे सांगते की इथे लागणारं गणित सहावी-सातवीचं आहे, गुणाकार, भागाकार आणि शाळेतलं त्रैराशिक, बस. पोरं अडकतात ती गणितात कमी आणि ऑर्डर वाचण्यात, लेबल वाचण्यात जास्त, आणि वहीतली गणितं सोडवून ते सुधारत नाही कारण वहीत सगळं आयतं दिलेलं असतं.

मोठ्यांच्या वॉर्डात आणि इथे एक मोठा फरक आहे तो डोक्यात पक्का बसू दे. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक व्हायली, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या, मोठ्या माणसाच्या डोसच्या हिशेबाने बनलेल्या असतात. मोठ्या पेशंटला चुकून दहापट डोस द्यायचा म्हटलं तर दहा व्हायली फोडाव्या लागतील, तिसऱ्या व्हायलला कुणीतरी विचारेलच की हे काय चाललंय. बाळाला दहापट डोस एकाच व्हायलमधून, एकाच छोट्या सिरिंजमध्ये आरामात मावतो आणि बघणाऱ्याला काही वेगळं दिसतसुद्धा नाही. म्हणून इथे सवयी लावून घ्यायच्या असतात.

पहिलं काम: खोके जमवा

वॉर्डातल्या सिस्टरना विचारून औषधांचे रिकामे खोके, आतली माहितीपत्रकं, सिरपच्या रिकाम्या धुतलेल्या बाटल्या आणि मापाची झाकणं जमवा. पॅरासिटामॉलची तीन प्रकारची, अमिकासिन, जेंटामायसिन, सेफ्ट्रिॲक्सोन, ॲम्पिसिलिन, फेनिटॉइन, एवढ्यावर महिनाभराची प्रॅक्टिस होते. सोबत १, २, ५, १० एमएलच्या नव्या सिरिंज, एक मायक्रो सेट (बारीक थेंबांचा), एक साधा ड्रिप सेट आणि बादली. गणित सोडवायचं ते खोका समोर ठेवून, आणि उत्तर आलं की तेवढं पाणी सिरिंजमध्ये भरून दाखवायचं. कागदावर ०.२४ एमएल लिहिणं सोपं आहे, सिरिंजवर ती रेघ शोधताना कळतं की २ एमएलच्या सिरिंजवर ती रेघच नाही.

वजनापासून सुरुवात

डोसचं सगळं गणित वजनावर उभं आहे, आणि वजन किलोतच हवं, आजचं हवं. काटा झिरो करा, डायपर काढा, स्वेटर-टोपी काढा, हाताला स्प्लिंट बांधलेलं असेल तर ते लक्षात घ्या. केसपेपरवर जुन्या ॲडमिशनचं वजन चिकटलेलं असतं आणि तेच तीन दिवस पुढे चालत राहतं, हे मी खूपदा बघितलंय. आईला विचारून वजन लिहायचं नाही, ती अंगणवाडीत झालेलं मागच्या महिन्याचं सांगते, तिची चूक नाही त्यात.

वजन करताच येत नसेल, म्हणजे झटके चालू आहेत वगैरे, तेव्हा पुस्तकातला अंदाजाचा फॉर्म्युला: एक वर्षाच्या आत (महिने + ९) ÷ २, आणि एक ते सहा वर्षं (वय × २) + ८. सात महिन्यांचं बाळ म्हणजे ८ किलो, चार वर्षांचं १६ किलो. खरं वजन केलेलं असलं तरी या आकड्याशी एकदा ताडून बघा, दोन वर्षांच्या पोराचं वजन २४ लिहिलेलं दिसलं तर पेन खाली ठेवून परत काट्यावर न्या, बहुतेक १२.४ मधला पहिला आकडा आणि टिंब कुणीतरी गाळलेलं नाहीतर भलत्याच पोराचं वजन लिहिलेलं असतं.

ऑर्डर मोठ्याने वाचा

खरंच मोठ्याने, ओठ हलवून. कारण "दर किलोला, दर डोसला" आणि "दर किलोला, दर दिवसाला" यात डोळा घसरतो. उदाहरण घ्या, ९ किलोचं बाळ, सेफ्ट्रिॲक्सोन १०० एमजी दर किलो दर दिवस, दोन डोसमध्ये विभागून. दिवसाचे ९००, एका वेळचे ४५०. ज्याने "दर दिवस" वाचलंच नाही तो एका वेळी ९०० भरतो आणि दिवसाला १८००, दुप्पट. प्रत्येक गणितात पहिली ओळ हीच लिहायची, "हा आकडा डोसचा की दिवसाचा".

आणि वरची मर्यादा. ४५ किलोचा बारा वर्षांचा मुलगा आला आणि त्याच ऑर्डरचं गणित केलंत तर दिवसाचे ४५०० एमजी येतात, पण सेफ्ट्रिॲक्सोनची मोठ्या माणसाची मर्यादाच दिवसाला ४ ग्रॅम आहे. पॅरासिटामॉलचं तसंच, एका डोसला १ ग्रॅमच्या वर नाही. लहान मुलाचा डोस मोठ्या माणसाच्या डोसपेक्षा जास्त आला की थांबायचं आणि डॉक्टरना विचारायचं.

आता खरं त्रैराशिक

११.४ किलोची मुलगी, ताप, पॅरासिटामॉल १५ एमजी दर किलो दर डोस. ११.४ × १५ = १७१ एमजी. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. आता तीन खोके समोर ठेवा.

एका सिरपवर लिहिलंय ५ एमएलमध्ये २५० एमजी, म्हणजे १ एमएलमध्ये ५०, तर १७१ ÷ ५० = ३.४ एमएल. दुसऱ्यावर ५ एमएलमध्ये १२०, म्हणजे १ एमएलमध्ये २४, तर ७.१ एमएल. तिसरे ड्रॉप्स, १ एमएलमध्ये १००, तर १.७ एमएल. मुलगी तीच, ताप तोच, डोस तोच, आणि उत्तरं तीन. ड्रॉप्सची बाटली हातात आणि डोक्यात "एक चमचा" असेल तर ५ एमएल म्हणजे ५०० एमजी पोटात गेलं, आणि असं घरोघरी होऊ शकतं, कारण ड्रॉप्स बाळांसाठी असतात म्हणून ते सौम्य असणार असं लोकांना वाटतं आणि असतं उलटं, ड्रॉप्स सगळ्यात घट्ट.

मी शिकवते ती पद्धत अशी की आधी "१ एमएलमध्ये किती" हे काढून खोक्यावर पेनने लिहायचं, मग भागायचं. पुस्तकात "हवं असलेलं भागिले हातात असलेलं, गुणिले एमएल" असं असतं, तेही बरोबरच आहे, पण वर्षभर रट्टा मारलेला फॉर्म्युला नाईटला पहाटे चारला उलटा होतो आणि २५० ÷ १७१ केलं जातं. "एका एमएलमध्ये किती" हा प्रश्न उलटा होत नाही.

अंदाज आधी, पेन नंतर

ही सवय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गणित मांडायच्या आधी तोंडाने सांगायचं की उत्तर पूर्ण बाटलीएवढं, अर्ध्या व्हायलएवढं की पाव व्हायलएवढं येणार. १७१ हवेत, ५ एमएलमध्ये २५० आहेत, म्हणजे ५ पेक्षा कमी आणि निम्म्यापेक्षा जास्त, अडीच ते पाचच्या मधे कुठेतरी. आता कॅल्क्युलेटरने ३४ दाखवलं किंवा ०.३४ दाखवलं तर लगेच खटकेल. ज्याने अंदाज केला नाही तो ०.३४ सुद्धा मान खाली घालून भरतो.

आपल्या भाषेत यासाठी फार चांगली सोय आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या तोंडात आहेतच, आधीच्या पिढ्यांना तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाढ्यांसारखी पाठ असायची. आठ दीडं बारा हे ज्याला येतं त्याला १.५ ने गुणायला कॅल्क्युलेटर लागत नाही. १५ एमजी दर किलो म्हणजे दिडकीच, वजनाची दीडपट करून दहाने गुणा, १२ दीडं अठरा, म्हणजे १८० एमजी. घरी आजी-आजोबा असतील तर विचारा, दिडकी अजून पाठ असलेलं माणूस सापडतं.

आणि शेवटी उलटी तपासणी, भरलेल्या ३.४ एमएलला ५० ने गुणा, १७०, त्याला ११.४ ने भागा, जवळपास १५ आले की बरोबर. यातच चार ते सहा तासांच्या अंतराने दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत हेही बघायचं, १७१ × ४ म्हणजे ६८४, दर किलोला ६०.

एकदा हातातून सुटता सुटता राहिलेली गोष्ट

मी तेव्हा शिकतच होते. ८ किलोचं बाळ, अमिकासिन ७.५ एमजी दर किलो, बारा तासांनी, म्हणजे ६० एमजी. तीन दिवस व्हायल यायची ती २ एमएलमध्ये १०० एमजीची, त्यामुळे १.२ एमएल, हे इतकं तोंडपाठ झालेलं की चौथ्या दिवशी सकाळी मी गणित न करता १.२ भरलं. त्या दिवशी स्टोअरमधून आलेली व्हायल होती २ एमएलमध्ये ५०० एमजीची. काच तशीच, आकार तसाच, आतलं पाणीही तसंच. माझ्या सिरिंजमध्ये ६० च्या जागी ३०० एमजी होते, पाचपट, ज्या औषधाचा त्रास किडनीला आणि कानाला होतो त्याचे. सीनियर सिस्टरने सिरिंज बघितली नाही, ती म्हणाली, "व्हायल दाखव आणि वाच." मी वाचायला सुरुवात केली आणि पाचशेवर आवाज बसला. बरोबर उत्तर होतं ०.२४ एमएल. बाळ आईच्या मांडीवर माझ्याकडे बघत होतं.

तेव्हापासून माझा नियम, एमएल पाठ करायचे नाहीत आणि हँडओव्हरमध्ये एमएल सांगायचे नाहीत, एमजी सांगायचे. एमएल दर वेळी हातातल्या व्हायलवरून नव्याने काढायचे, पाचवा डोस असला तरी.

पावडरच्या व्हायली

पावडर विरघळली तरी ती जागा घेते, हे बरेच जण विसरतात. समजा ५०० एमजी ॲम्पिसिलिनच्या पत्रकावर लिहिलंय की १.८ एमएल पाणी घाला, एकूण २ एमएल होईल. म्हणजे १ एमएलमध्ये २५०. ३ किलोच्या बाळाला ५० एमजी दर किलोने १५० एमजी, तर ०.६ एमएल. पण तुम्ही सरळ २ एमएल पाणी घातलंत तर एकूण झालं २.२, १ एमएलमध्ये उरले २२७, आणि ०.६ एमएलमध्ये गेले फक्त १३६. मोठ्या पेशंटला हा फरक जाणवणार नाही कारण त्याला अख्खी व्हायल द्यायची असते, बाळाला व्हायलचा तुकडा द्यायचा असतो म्हणून जाणवतो. कंपनीगणिक हा आकडा बदलतो, पत्रक उघडून वाचा, फेकू नका.

इथेच शब्दांचा एक घोळ आहे. "चार एमएलमध्ये कर" असं सिस्टर सांगतात, त्याचा अर्थ एकजण चार एमएल पाणी घालायचं असा घेतो आणि दुसरा एकूण चार होईल असं करायचं. "एकूण चारपर्यंत" असं म्हणायची आणि लिहायची सवय लावा. नवजात बाळाचं उदाहरण, २ किलो, जेंटामायसिन ५ एमजी दर किलो म्हणजे १० एमजी, ॲम्प्युल १ एमएलला ४० ची, उत्तर ०.२५ एमएल. इतकं कमी भरताना सुईच्या बुडाशी राहणारं औषधसुद्धा हिशेबात येतं, म्हणून १ एमएल औषध घेऊन सलाइनने एकूण ४ एमएलपर्यंत करायचं, आता १ एमएलला १० झाले, १ एमएल द्या. एकाने जर ४ एमएल सलाइन घातलं तर एकूण ५, १ एमएलला ८, डोस कमी पडला. डायल्यूट केलेल्या सिरिंजवर लगेच लेबल लावा, औषधाचं नाव आणि १ एमएलमध्ये किती, दोन पावलं चालायच्या आधी.

सिरिंजच्या रेघांचं थोडक्यात: आपल्याकडच्या १ एमएलच्या सिरिंजवर ०.०१ च्या रेघा, २ वर ०.१ च्या, ५ वर ०.२ च्या. १ एमएलच्या आतलं काहीही १ च्या सिरिंजमध्येच. तोंडाने द्यायचं औषध सुई बसणाऱ्या सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवू नका, ते चुकून आयव्हीला जोडलं जातं. इन्सुलिनची व्हायल आपल्याकडे बहुतेक १ एमएलला ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची ४० ची सिरिंज, नारिंगी टोपीची १०० ची. १०० च्या सिरिंजने ४० च्या व्हायलमधून ४ रेघा भरल्या तर १.६ युनिटच गेले, आणि १०० युनिटवाल्या औषधातून ४० च्या सिरिंजने ४ रेघा भरल्या तर १० युनिट.

सलाइनचे थेंब

दिवसाला किती सलाइन लागतं याचा हॉलिडे आणि सेगर यांचा १९५७ चा हिशेब अजून सगळीकडे चालतो, पहिल्या १० किलोला दर किलो १०० एमएल, पुढच्या १० ला ५०, त्यापुढे २०, चोवीस तासांचे. १४ किलोचं पोर: १००० + २०० = १२००, तासाला ५० एमएल. मायक्रो सेटचे १ एमएलला ६० थेंब, म्हणून तासाचे जितके एमएल तितकेच मिनिटाचे थेंब, ५० एमएल म्हणजे ५० थेंब, गणितच नाही. साधा सेट १ एमएलला २० थेंबांचा असेल तर ५० × २० ÷ ६० = साधारण १७. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, काही १५ चेही येतात, वाचून घ्या.

पण बादली, बाटली आणि घड्याळ घेऊन हे करून बघितल्याशिवाय येत नाही. १५ सेकंदांत साडेबारा थेंब बसवायचे म्हणजे रोलर किती फिरवायचा ते बोटांना कळावं लागतं, आणि बाटलीतली पातळी उतरली, बाळाने हात वाकवला की रेट बदलतो, म्हणून अर्ध्या तासाने परत मोजायचं.

कधी मायक्रो सेट चालत नाही तेही बघा. १० महिन्यांचं ८ किलोचं बाळ, जुलाबाने सुकून गेलेलं, डब्ल्यूएचओच्या प्लॅन सी (खूप सुकलेल्या बाळाला शिरेतून सलाइन द्यायची पद्धत) प्रमाणे पहिल्या तासात ३० एमएल दर किलो म्हणजे २४० एमएल, पुढच्या पाच तासांत ७० दर किलो म्हणजे ५६०, तासाला ११२. मायक्रोने मिनिटाला २४० थेंब कोण मोजणार, साधा २० चा सेट लावा, ८० थेंब.

पोटॅशियम क्लोराइडची १० एमएलची ॲम्प्युल आपल्याकडे साधारण १ एमएलला २ एमईक्यूची (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक) असते. ती कधीच सरळ शिरेत द्यायची नाही, नेहमी डायल्यूट करून, हळू, आणि दुसऱ्या सिस्टरने तपासल्यावर. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आयसीयूची इन्फ्युजन घाबरवतात पण रोज एक सोडवा. १० किलो, डोपामिन: वजन × ३ एमजी घेऊन एकूण ५० एमएलपर्यंत केलं की तासाला १ एमएल म्हणजे १ एमसीजी (मायक्रोग्रॅम, एमजीचा हजारावा भाग) दर किलो दर मिनिट. ३० एमजी, ॲम्प्युल १ एमएलला ४० ची, पाऊण एमएल औषध. ५ एमसीजी हवंय तर तासाला ५ एमएल. उलटं तपासा: १ एमएलमध्ये ६०० एमसीजी, ५ एमएलचे ३०००, ६० ने भागून मिनिटाला ५०, १० किलोने भागून ५. तुमच्या युनिटमध्ये ठरावीक कॉन्सन्ट्रेशन वापरत असतील तर तेच वापरायचं, हे फक्त गणित समजायला.

परीक्षेतले जुने रूल

मोठ्यांच्या डोसवरून मुलाचा डोस काढायचे यंग, फ्राइड, क्लार्क यांचे रूल परीक्षेला येतात, पाठ करा, पण वॉर्डात नाही. यंगच्या रूलने, म्हणजे वय ÷ (वय + १२) × मोठा डोस, चार वर्षांच्या मुलाला ५०० एमजीच्या मोठ्या डोसवरून ४ ÷ १६ × ५०० = १२५ एमजी येतात, आणि तोच मुलगा १६ किलोचा धरून १५ ने गुणला तर २४०. जवळजवळ निम्मा फरक.

लिहिणं आणि सांगणं

०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, टिंब पुसट झालं की ५ होतात. ५ लिहायचं, ५.० नाही, ५० वाचलं जातं. आणि आपला खास घोळ, मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ आठसारखा, मराठी ७ सहासारखा. चार्टवर सगळे इंग्रजी आकडे लिहितात तिथे मराठी आकडा मिसळू नका. डिस्चार्जला आईला चिठ्ठी देताना आकडा आणि अक्षर दोन्ही लिहा, "अडीच एमएल", आणि झाकणावरच्या रेघेला पेनने खूण करा. घरचा चमचा कुणाचा केवढा असतो सांगता येत नाही. मग तिलाच झाकणात पाणी भरून दाखवायला सांगा, सासूबाई औषध देणार असतील तर त्यांनाही.

रोजची प्रॅक्टिस जोडीने करा, एकाने ऑर्डर लिहायची, दुसऱ्याने काढायचं, मग उत्तर न दाखवता पहिल्याने स्वतः काढायचं. "०.६ च ना गं?" असं विचारलं की समोरची हो म्हणते, आकडा न सांगता "तू काढ" म्हणायचं. पहिल्या पंधरा दिवसांत कॅल्क्युलेटर फक्त तपासायला. चुकलेल्या गणितापुढे चूक कसली ते लिहा, वजन, दिवस-डोस, लेबल, टिंब की भागाकार. दहा दिवसांनी पान उलटून बघा, प्रत्येकाची चूक ठरलेली असते आणि तीच परत परत होते.

आजच्यासाठी चार घ्या. एक, १२ किलो, फेनिटॉइन २० एमजी दर किलो, १ एमएलला ५०, मिनिटाला दर किलो १ एमजीपेक्षा वेगाने नाही. दोन, २२ किलोच्या मुलीचं दिवसाचं सलाइन. तीन, ६ किलो, ॲम्पिसिलिन २०० एमजी दर किलो दर दिवस, सहा तासांनी, १ एमएलला २५०. चार, ९ किलो, ऑर्डर: सिरप पॅरासिटामॉल ५ एमएल.

उत्तरं. पहिलं २४० एमजी, ४.८ एमएल, कमीत कमी २० मिनिटं, आणि साध्या सलाइनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये साका होतो. दुसरं १०००, ५०० आणि ४०, म्हणजे १५४०, तासाला ६४. तिसरं दिवसाचे १२००, एका वेळी ३००, १.२ एमएल. चौथ्याला उत्तर नाही. १२० च्या बाटलीतून ५ एमएल ९ किलोला चालेल, २५० च्या बाटलीतून ते दर किलोला जवळजवळ २८ एमजी होतात. बाटली बाजूला ठेवायची, डॉक्टरना फोन लावायचा आणि ऑर्डर एमजीमध्ये लिहून घ्यायची.